न कळलेला शब्द : ‘मून ऑफ द वुल्फ’ या दूरचित्रवाणीपटाचा एक विचार

विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत दूरचित्रवाणीसाठी तयार झालेल्या एका भयपटाची चर्चा व्हावी, याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणारा मनुष्य आणि थडग्यातून उठून रक्त शोषणारे प्रेत यांच्या कथा हा करमणुकीचा माल आहे, विद्वच्चर्चेचा विषय नव्हे, असे मत आपल्याकडे अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. ज्या पटाचा विचार येथे करावयाचा आहे, तो श्रेष्ठ कलाकृती आहे असा प्रस्तुत लेखकाचा मुळीच दावा नाही. तथापि या पटाचे एक वैशिष्ट्य असे आहे की, त्यातील रहस्य एखाद्या शस्त्रात, पत्रात किंवा पावलांच्या ठशात दडलेले नसून ते एका शब्दात दडलेले आहे. तो शब्द उच्चारला जातो, वारंवार उच्चारला जातो, पण ऐकणाऱ्यास तो कळत नाही. भाषेच्या अभ्यासकाने ज्याकडे पाठ फिरवू नये असा हा प्रसंग आहे. त्या शब्दाला पटकर्त्यांनी न्याय दिला की नाही, एवढाच प्रश्न या लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

१

‘मून ऑफ द वुल्फ’ हा पट अमेरिकेतील ए. बी. सी. या वाहिनीने २६ सप्टेंबर १९७२ रोजी प्रथम प्रक्षेपित केला. दिग्दर्शक डॅनियल पेट्री असून लेस्ली व्हिटन यांच्या कादंबरीवरून पटलेखन अल्विन सॅपिन्स्ली यांनी केले आहे. ‘मूव्ही ऑफ द वीक’ या नावाने ही वाहिनी १९६९ पासून खास दूरचित्रवाणीसाठी निर्मिलेले पट दाखवीत असे. दीड तासाचा अवधी, त्यातून जाहिराती वजा जाता सुमारे पाऊण शतक मिनिटे, मर्यादित खर्च आणि दिवाणखान्यातील लहानसा पडदा, अशी या प्रकाराची बंधने होती. चित्रपटगृहातील भयपटाला जे दाखवता येते, ते येथे दाखवणे कठीण. म्हणून दृश्याचे काम पुष्कळदा श्राव्यावर सोपवावे लागे. जाहिरातीसाठी कथा थांबण्यापूर्वी प्रेक्षकाच्या मनात काही प्रश्न अडकवून ठेवावा लागे, तोही शक्यतो स्वस्तात. न समजलेल्या शब्दाइतका स्वस्त आणि टिकाऊ प्रश्न दुसरा कोणता असणार?

कथा लुइझियाना राज्यातील एका दलदलीच्या प्रदेशातील लहान गावी घडते. एली बरिफर्स या तरुणीचे प्रेत सापडते. रानटी कुत्र्यांनी तिला फाडले असावे, हा पहिला तर्क. वैद्यकीय तपासणीनंतर हा माणसाच्या प्रहाराचा परिणाम आहे, असा दुसरा तर्क पुढे येतो. शेरीफ ॲरन व्हिटेकर (ही भूमिका डेव्हिड जॅन्सेन यांची) याचा तपास तिच्या भावाकडे, तिच्याशी गुप्त संबंध असलेल्या डॉक्टराकडे, अशा क्रमाने सरकत जातो. शेरीफ म्हणजे त्या देशातील, लोकांनी निवडून दिलेला स्थानिक पोलीस-प्रमुख. तो प्रामाणिक आहे, चिकाटीचा आहे, आणि पुराव्यावर त्याचा विश्वास आहे.

पुरावा मात्र प्रथमपासून त्याच्यासमोर अंथरुणावर पडलेला असतो. एलीचा वृद्ध पिता मरणपंथाला लागला आहे. तो भ्रमिष्टासारखा एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटतो. शेरीफ तो ऐकतो, मनात धरतो, इतरांस विचारतो, पण उलगडा होत नाही. गावातील जुन्या जमीनदार रॉडांथ घराण्यातील लुईझ (बार्बरा रश) ही स्त्री जेव्हा म्हाताऱ्याच्या खोलीत येते, तेव्हा तिच्या फ्रेंच जाणणाऱ्या कानाला तो शब्द ओळखू येतो. म्हातारा ‘लू-गारू’ म्हणत आहे. लू-गारू म्हणजे लांडगा होणारा मनुष्य. तो मनुष्य लुईझचाच भाऊ अँड्र्यू (ब्रॅडफर्ड डिलमन) आहे, हे पुढे उघड होते.

याप्रमाणे पटाचे दोन भाग पडतात. पहिला शब्द न कळेपर्यंतचा, दुसरा तो कळल्यानंतरचा. पहिला भाग खरोखर भयप्रद आहे. दुसरा तितका नाही. असे का व्हावे, याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम त्या शब्दाकडेच वळले पाहिजे.

२

इंग्रजीतील ‘वेअरवुल्फ’ हा सामासिक शब्द आहे. त्याचे पूर्वपद ‘वेर’ म्हणजे पुरुष. लॅटिन ‘विर्’ आणि संस्कृत ‘वीर’ हे त्याचे सगोत्र शब्द. उत्तरपद ‘वुल्फ’ हे संस्कृत ‘वृक’ शब्दाचे सगोत्र. म्हणजे हा इंग्रजी समास घटकशः संस्कृतात ठेवला, तर ‘वीरवृक’ असा काहीसा होईल. अकराव्या शतकाच्या आरंभी राजा कनूट याच्या धर्मविषयक आज्ञांमध्ये हा शब्द आढळतो. तेथे तो कोणा रूप पालटणाऱ्या माणसासाठी नसून धर्मगुरूच्या कळपावर टपलेल्या सैतानाला उद्देशून आलेला आहे. शब्दाचा प्रवास रूपकापासून आमच्या दृष्टीस पडतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

फ्रेंचमधील कथा याहून मनोरंजक आहे. जर्मानिक भाषा बोलणाऱ्या फ्रँक लोकांकडून हाच समास गॅलो-रोमन भाषेत गेला. तेथे शब्दारंभीच्या जर्मानिक ‘व’चा ‘ग’ होतो. इंग्रजी ‘वॉर’ आणि फ्रेंच ‘गेर’, इंग्रजी ‘विल्यम’ आणि फ्रेंच ‘गियोम’ या जोड्या त्याच नियमाची उदाहरणे होत. या नियमाने झालेले रूप कालांतराने ‘गारू’ झाले. पण आता त्यातील ‘लांडगा’ कोणाला दिसेना. समास अपारदर्शक झाला. तेव्हा अर्थ पुन्हा उघडा करण्यासाठी लोकांनी त्याच्यामागे आपला लांडगा, म्हणजे लॅटिन ‘लुपुस’वरून आलेला ‘लू’, जोडला. परिणामी ‘लू-गारू’ या शब्दात लांडगा दोनदा आहे. आमच्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेला ‘पाव’ म्हणजे रोटीच. पण ते जाणवेनासे झाल्यावर ‘पावरोटी’ म्हणण्यास कोणाचीच हरकत राहिली नाही. तोच हा व्यापार आहे.

हा शब्द समुद्र ओलांडून उत्तर अमेरिकेत गेला. लुइझियानातील फ्रेंचभाषकांच्या तोंडी त्याचे ‘रूगारू’ झाले. पुढील र-काराच्या प्रभावाने आद्य ल-काराचा र-कार व्हावा, हा समीभवनाचा साधा प्रकार आहे. त्यात कोणाची जीभ अडखळलेली नाही, की कोणाचे अज्ञान प्रकट झालेले नाही. त्या प्रदेशात मुलांना भिवविण्यासाठी, तसेच मोठ्यांना ताळ्यावर आणण्यासाठी रूगारूच्या कथा सांगत. सात वर्षे लेंटचा उपवासकाल न पाळणारा कॅथलिक रूगारू होतो, असाही समज नोंदलेला आहे. म्हणजे लोकांच्या कल्पनेत रूगारू हा कर्तव्यच्युतीचा परिणाम होता.

विषयाची मर्यादा राखून आणखी एका शब्दाचा उल्लेख केला पाहिजे. नरवृक आणि रक्तपिशाच या दोन कल्पना आज पडद्यावर परस्परांचे शत्रू म्हणूनही उभ्या केल्या जातात. शब्दांचा इतिहास मात्र त्यांना एकाच घरात नांदवतो. दक्षिण स्लाव्ह भाषांतील ‘वुकोद्लाक’ या शब्दात लांडगा आहे, आणि त्याच्या उत्तरपदात अंगावरील लोम आहे असे सामान्यतः मानतात. परंतु वुक कराजिच यांनी १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्बियन कोशात त्याचा अर्थ, मरणानंतर ज्याच्यात दुष्ट आत्मा शिरून ज्याला पुन्हा उठवतो तो मनुष्य, असा आहे. म्हणजे आपण ज्याला व्हँपायर म्हणतो तो. स्लाव्ह भाषांतून ग्रीकमध्ये गेलेला ‘व्रिकोलाकास’ हा शब्दही उठलेल्या प्रेताचाच वाचक झाला. ‘व्हँपायर’ हा स्वतंत्र शब्द पश्चिम युरोपात रूढ झाला तो १७२५ आणि १७३२ च्या सुमारास, सर्बियातील थडगी उकरण्याच्या प्रकारांविषयी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी धाडलेल्या अहवालांमुळे. ब्रॅम स्टोकर यांना या गोंधळाची जाण होती. ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीच्या आरंभी प्रवासी नायक लोकांच्या तोंडचे काही शब्द ऐकतो आणि बहुभाषी कोशात पाहतो. त्यांतील दोन शब्दांचा अर्थ नरवृक की रक्तपिशाच, हे त्याला नीटसे ठरवता येत नाही. भयकथेत कोश उघडण्याची प्रथा ‘मून ऑफ द वुल्फ’ने सुरू केलेली नाही, हे यावरून दिसेल.

३

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. म्हाताऱ्याचा शब्द शेरीफला का कळत नाही?

कथानकाच्या सोयीसाठी, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. लुइझियानाच्या १९२१ च्या संविधानाने सार्वजनिक शाळांचे व्यवहार इंग्रजीतून चालावेत असे ठरविले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी त्या पिढीतील अनेकांनी पुढे सांगितल्या आहेत. ज्यांना शिक्षा झाली, त्यांनी आपल्या मुलांशी बहुधा इंग्रजीतच बोलणे पसंत केले. १९६८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने फ्रेंचच्या संवर्धनासाठी एक मंडळ स्थापन केले. परंतु आरंभीच्या काळात त्याने फ्रान्स, बेल्जियम आणि क्वेबेक येथून शिक्षक आणविले, आणि वर्गात शिकवली गेली ती मुख्यत्वे शिष्ट फ्रेंच. घरातील आजीची भाषा अशा रीतीने दोनदा नाकारली गेली. प्रथम ती इंग्रजी नव्हे म्हणून, आणि नंतर ती खरी फ्रेंच नव्हे म्हणून.

‘मून ऑफ द वुल्फ’ हा त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आलेला पट आहे. हा इतिहास पटात कोठेही सांगितलेला नाही. पण त्याची छाया म्हाताऱ्याच्या खाटेवर पडलेली आहे. गावातील एक मनुष्य खून कशाने झाला हे जाणतो, आणि जाणतो ते सांगतोही. तो वेडा नाही, मुका नाही. त्याच्या साक्षीत फक्त एवढेच उणे आहे की, ती ज्या बोलीत दिली जाते त्या बोलीला कचेरीत प्रतिष्ठा नाही. शेरीफ त्या ध्वनिसमूहाला वातातील बडबड समजतो आणि दरम्यान बळींची संख्या वाढते. म्हाताऱ्याचा मुलगा तुरुंगाच्या कोठडीत मारला जातो. साक्ष वेळेवर कळली असती तर तो वाचला असता, असा विचार प्रेक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. या पटातील खरे भय येथे आहे.

आणि साक्ष कळते ती कोणाला? ज्या वाड्यातून मृत्यू बाहेर पडतो, त्याच वाड्यातील सुशिक्षित स्त्रीला. ती म्हाताऱ्याचा शब्द ओळखते, पण ओळखते ती दुरुस्त करून. म्हाताऱ्याचा उच्चार बिघडलेला होता, मूळ शब्द ‘लू-गारू’, असा एकंदर सूर या प्रसंगाचा आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पटाचा मोठा दोष हाच होय. पतंजलींनी ‘गौः’ या एका शब्दाचे ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’, ‘गोपोतलिका’ असे अनेक अपभ्रंश सांगितले. त्या रूपांना अपशब्द म्हणतानाही त्यांनी ती काळजीपूर्वक नोंदवून ठेवली, आणि म्हणूनच ती आज भाषेच्या इतिहासाची साधने झाली आहेत. पटकर्ते तेवढीही दक्षता घेत नाहीत. प्रदेशात ‘रूगारू’ हे जिवंत रूप उपलब्ध असताना म्हाताऱ्याचा शब्द त्यांनी केवळ कोडे म्हणून वापरला, आणि उत्तर म्हणून शिष्ट फ्रेंच रूप देऊन कोडे मिटवून टाकले.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. लोकसमजुतीतील रूगारू कर्तव्यच्युतीमुळे होतो. पटातील नरवृकत्व मात्र एका श्रीमंत घराण्यातील विकार म्हणून दाखविले आहे. अँड्र्यू आपल्या अधूनमधून उद्भवणाऱ्या आजारावर औषधे घेत असतो. गरिबाच्या झोपडीत ज्याला लू-गारू म्हणतात, त्याला वाड्यात आजार म्हणतात. एकाच वस्तुस्थितीची ही दोन नावे दोन वर्गांची आहेत. पटाचे लेखक या जाणिवेच्या अगदी जवळ येऊन थांबले आहेत. म्हाताऱ्याच्या खोलीत लू-गारूला दूर ठेवण्यासाठी केलेल्या उपायाचा वास येताच अँड्र्यू कोसळतो. या दृश्यात झोपडीचे ज्ञान वाड्याच्या ज्ञानापेक्षा खरे ठरते. संपूर्ण पटात इतका अर्थपूर्ण प्रसंग दुसरा नाही. दुर्दैवाने त्यानंतर कथा पाठलाग, बंदुका आणि मुखवटा यांच्या स्वाधीन होते.

४

तुलनेसाठी त्याच वाहिनीचा त्याच वर्षीचा दुसरा पट घेण्यासारखा आहे. ‘द नाइट स्टॉकर’ हा पट ११ जानेवारी १९७२ रोजी प्रक्षेपित झाला. जेफ राइस यांच्या तेव्हा अप्रकाशित असलेल्या कादंबरीवरून रिचर्ड मॅथिसन यांनी तो लिहिला, डॅन कर्टिस यांनी निर्मिला आणि जॉन लुएलिन मॉक्सी यांनी दिग्दर्शित केला. त्या रात्री दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५४, प्रेक्षक हा पट पाहत होते. लास व्हेगास शहरात तरुण स्त्रियांची रक्तहीन प्रेते सापडतात. कार्ल कोल्चॅक (डॅरेन मॅकगॅव्हिन) हा वार्ताहर खुनी मनुष्य रक्तपिशाच आहे, या निष्कर्षाला येतो. अधिकाऱ्यांना ते छापलेले नको आहे. शेवटी कोल्चॅक त्या पिशाचाचा अंत करतो, तेव्हा त्याच्यावरच खुनाचा आरोप ठेवण्याची धमकी देऊन त्याला शहराबाहेर घालविले जाते, आणि वर्तमानपत्रात खोटी हकीकत छापून येते.

दोन्ही पटांत संकट शब्दाशी निगडित आहे, पण उलट दिशांनी. ‘मून ऑफ द वुल्फ’मध्ये शब्द उच्चारला जातो आणि कोणाला कळत नाही. ‘द नाइट स्टॉकर’मध्ये शब्द सर्वांना कळतो आणि कोणी उच्चारू देत नाही. पहिल्यात अडथळा अज्ञानाचा, दुसऱ्यात सत्तेचा. दुसरा पट कलादृष्ट्या अधिक यशस्वी झाला याचे कारण, माझ्या मते, असे की त्याने आपला शब्द अखेरपर्यंत सोडला नाही. राक्षस मेल्यावरही ‘व्हँपायर’ हा शब्द छापला गेला नाही, म्हणून त्या राक्षसाचे भय संपत नाही. ‘मून ऑफ द वुल्फ’मध्ये मात्र शब्द उलगडताच त्याचे काम संपल्यासारखे पटकर्ते वागतात. मग त्या शब्दाच्या जागी एक मुखवटा घातलेला नट येतो. डिलमन हे गुणी नट होते. परंतु केस चिकटवलेला चेहरा कितीही धूसर दाखविला, तरी म्हाताऱ्याच्या अस्पष्ट उच्चाराने जी आकृती प्रेक्षकाच्या मनात उभी केली होती, तिची बरोबरी तो करू शकत नाही. कळलेला अर्थ न कळलेल्या शब्दाहून लहान ठरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. रहस्यकथेत उलगडा झाल्यावर ताण कमी होणारच, त्यासाठी या एका पटास दोष का द्यावा? हा आक्षेप अर्धा मान्य आहे. उलगडा अटळ असतो. पण उलगड्याने मूळ वस्तू पुसून टाकावी, हे अटळ नसते. शब्द कळल्यानंतर म्हाताऱ्याकडे परत जाणे शक्य होते. हे त्याला कसे ठाऊक, गावात आणखी कोणास ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही कोणी का बोलले नाही, हे प्रश्न विचारणे शक्य होते. ते विचारले असते, तर दुसरा भाग पहिल्याइतकाच गडद झाला असता, आणि त्याला एका पैचाही जादा खर्च आला नसता.

५

हा विषय आमच्यापासून फार दूरचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळाला त्यांनी ‘व्हँपायर’ हे नाव दिले. वेताळ प्रेतात शिरतो एवढे साम्य त्यांना पुरेसे वाटले. पण सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा हा ग्रामरक्षक देव आहे. त्याला नवस बोलणारे भाविक आपल्या देवाला सर्बियातील थडग्यातून उठलेल्या प्रेताचे नाव मिळालेले पाहून काय म्हणतील, याची कल्पना केलेली बरी. लुईझने म्हाताऱ्याचा शब्द ओळखून दुरुस्त केला. बर्टन यांनी आमचा शब्द ओळखून बदलून टाकला. दोहोंच्या मुळाशी एकच खात्री आहे की, प्रतिष्ठित भाषेत ठेवल्यावाचून शब्दाला अर्थ येत नाही.

आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकजण बोलींच्या नोंदी घेण्यासाठी गावोगाव जातात. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या १९६३ पासून प्रसिद्ध झालेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाने या कामाला शास्त्रीय पाया दिला, आणि बोलणारा जसे बोलतो तसे टिपावे, हा त्यातील पहिला धडा होता. तरीही नोंदवहीत बोलीतील रूपाशेजारी प्रमाण रूप लिहून पहिल्यावर काट मारण्याचा मोह अजून सुटलेला नाही. अशी काट मारलेली पाने प्रस्तुत लेखकाने तपासली आहेत आणि, हे कबूल केले पाहिजे, विद्यार्थिदशेत स्वतः लिहिलीही आहेत. एका वृद्ध स्त्रीने सांगितलेला शब्द मी त्या वेळी ‘शुद्ध’ करून लिहून घेतला. पुढे मूळ रूप पडताळण्यासाठी त्या गावी गेलो, तेव्हा ती हयात नव्हती. शुद्ध रूप तेवढे माझ्यापाशी राहिले, आणि ते कोणत्याही कोशात मिळाले असते.

सारांश, ‘मून ऑफ द वुल्फ’ हा मध्यम प्रतीचा पट आहे. त्याचा उत्तरार्ध सामान्य, त्याचा राक्षस अविश्वसनीय, आणि आपल्याच शब्दाशी त्याचे वर्तन अन्यायाचे आहे. तथापि त्याच्या पूर्वार्धात अंधाऱ्या खोलीत एक मरणोन्मुख मनुष्य सत्य सांगत आहे आणि कायद्याचा अधिकारी त्याच्या उशाशी बसून ते ऐकत असूनही त्याला ते ऐकू येत नाही, हे जे दृश्य आहे, ते भाषेच्या प्रत्येक अभ्यासकाने एकदा तरी पाहावे. नोंदवही घेऊन आपण जेव्हा अशाच एखाद्या खाटेपाशी बसतो, तेव्हा आपण शेरीफच्या जागी बसलेले असतो.